कोई मासे फ्लॅटमधल्या टाकीत ठेवावेत की बाहेरच्या तळ्यात? मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

मुलुंडच्या फ्लॅटमध्ये चार फुटी काचेची टाकी आणि वसईला मामाच्या वाडीत सिमेंटचं तळं, असे दोन संसार मी सांभाळते. ओळखीपाळखीचे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. (कोई म्हणजे तळ्यात पाळायचे रंगीत जपानी मासे, आंब्याची कोय नव्हे. हा विनोद मामाने करून झालाय, तुम्ही करू नका.)

थोडक्यात सांगा, घरात की बाहेर?

प्रश्न आत-बाहेरचा नाहीच, लिटरचा आहे. तळमजल्यावरच्या खोलीत दोन-अडीच हजार लिटरचा फायबरचा टब आणि चांगला फिल्टर असेल, तर मासे बाहेरच्या उथळ, उन्हात तापणाऱ्या हौदापेक्षा सुखी राहतील. पण मुंबईत घरात तेवढी जागा कुणाकडे असते? म्हणून व्यवहारात उत्तर असं: बाहेर सावलीतलं तळं शक्य असेल तर तळं. नसेल तर कोईचं लहान पिल्लू वर्ष-दीड वर्ष टाकीत वाढवता येतं, पण पुढे ते कुठे जाणार हे आधी ठरवा.

कोई आणि गोल्डफिश एकच ना?

नाही. कोईला तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात, गोल्डफिशला एकही नसते. दुकानात पिल्लं एकाच टाकीत कोंबलेली असली तरी ही खूण चुकत नाही.

कोई हा खरं तर कार्प मासा. आपल्याकडचे मत्स्यशेतकरी कटला, रोहू, मृगळ यांच्याबरोबर ज्याला 'सायप्रिनस' म्हणतात, त्याचाच हा रंगीत भाऊ. जपानमधल्या निइगाता भागातल्या डोंगराळ गावांत भातशेती करणारे लोक खाण्यासाठी कार्प पाळायचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांतले रंगीत मासे वेगळे काढून त्यांची पैदास सुरू झाली. 1914 साली टोकियोच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि देशभर त्यांचं नाव झालं. पांढऱ्यावर लाल तो कोहाकू, त्यात काळे ठिपके आले की सांके, काळ्या अंगावर लाल-पांढरं म्हणजे शोवा. आपल्याकडे कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटात जे मिळतात, त्यांना दुकानदार सरसकट 'जपानी कोई' म्हणतो. तसं ते असतीलच असं नाही, पण दिसायला छान असतात.

मासा टाकीच्या मापाएवढाच वाढतो म्हणतात. मग लहान टाकी चालेल ना?

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात क्रूर गैरसमज. लहान टाकीत वाढ खुंटते ती पाणी घाण राहतं म्हणून. माशाने टाकीचं माप घेतलेलं नसतं. शरीर आखूड राहतं, पाठीचा कणा वाकडा होतो आणि जो मासा पंचवीस-तीस वर्षं जगला असता तो दोन-तीन वर्षांत मरतो. चांगल्या पाण्यात कोई पहिल्या वर्षी वीतभर होतो, तीन-चार वर्षांत हातभर. पूर्ण वाढलेला दोन फुटांचाही असतो. दोन फुटी टाकीत दोन फुटांचा मासा, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

मोठ्या माशामागे हजार लिटर, हा माझा हिशोब. तुम्हाला कंजूसपणा करायचाच असेल तर माशांच्या संख्येत करा.

चार फुटी टाकीत किती पाणी मावतं, आणि फ्लोअरला भार होतो का?

4 × 2 × 2 फूट म्हणजे सोळा घनफूट, साधारण 450 लिटर. म्हणजे नुसत्या पाण्याचेच 450 किलो. बारा मिलिमीटरची काच आणि लोखंडी स्टँड धरून आकडा साडेपाचशेच्या पुढे जातो, आणि हे सगळं आठ चौरस फुटांत. राहत्या घराचा स्लॅब आपल्याकडच्या मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण 200 किलोचा चल भार (माणसं, सामानसुमान यांचा) धरून आखतात. टाकीखाली तो सातशेच्या वर जातो. भार पूर्ण खोलीभर विभागला जातो म्हणून लगेच काही कोसळत नाही, पण टाकी बीमच्या जवळ, भिंतीला लागून ठेवायची. खोलीच्या मध्यावर नाही, आणि बाल्कनीत तर मुळीच नाही. बाल्कनी पुढे लोंबकळणारी असते.

चाळीत लाकडी तुळयांचा मजला असेल तर हा विचारच सोडा. इमारत तीस वर्षांच्या पुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक असतंच. त्या इंजिनिअरला टाकीचं वजन सांगून विचारा. माझ्या इंजिनिअरने पहिला प्रश्न विचारला होता, "ताई, खाली कोण राहतं?"

गच्चीवर तळं बांधू का?

पाण्याची प्रत्येक वीतभर खोली चौरस मीटरला सव्वादोनशे किलो वाढवते. चार फूट खोल तळं म्हणजे चौरस मीटरला बाराशे किलो. साध्या गच्चीचा स्लॅब यासाठी बांधलेलाच नसतो. त्यात वॉटरप्रूफिंग, त्यात वरच्या मजल्याच्या छताला आलेली ओल, त्यात गच्ची सोसायटीची. ठराव झाला नाही तर तळ्याआधी तुमचं सोसायटीत राहणं अवघड होईल. स्वतंत्र बंगला असेल आणि इंजिनिअरने लेखी दिलं असेल तरच. नाहीतर जमिनीवरचंच तळं बरं: वसई-विरार, पालघर, कर्जत, अलिबाग, जिथे मुंबईकरांची दुसरी घरं असतात तिथे.

बागेतलं तळं किती खोल हवं?

तीन ते चार फूट. थंड देशांत पाणी तळापर्यंत गोठू नये म्हणून खोल खणतात. आपल्याला खोली हवी ती मे महिन्यासाठी, तळाशी पाणी थंड राहावं म्हणून. सिमेंटचं तळं नवीन असेल तर चुना सुटून पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) फार वर जातो. पाणी भरा, आठवडाभर ठेवा, सोडा, परत भरा. मामाने हे चार वेळा केलं आणि पाचव्या वेळी मासे सोडले. जाड लायनर (तळ्यात अंथरायचं प्लास्टिक) अंथरलं तर ही कटकट नाही, फक्त उंदरांनी कुरतडायला नको.

मुंबईचं नळाचं पाणी चालतं का?

चालतं. तानसा, भातसा, वैतरणा या तलावांचं पाणी मुळात गोड आणि मृदू. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, क्लोरीन. पाणी थेट नळातून टाकीत घालायचं नाही. ड्रममध्ये भरून एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावून दिवसभर हवा द्या, किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब घाला. पावसाळ्यात नळाला औषधाचा वास जास्त आला की मी दोन्ही करते. क्लोरीनने माशांचे कल्ले भाजतात, आणि ते आपल्याला दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. मृदू पाण्यात क्षारता, म्हणजे पीएच सावरून धरणारे क्षार, कमी असते. फिल्टरमधले जिवाणू माशांच्या घाणीतला अमोनिया पचवताना हीच क्षारता खातात. ती संपली की पीएच एका रात्रीत घसरतो, आणि काल उड्या मारणारे मासे सकाळी तळाशी पर मिटून बसलेले दिसतात. उपाय साधा: फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा किंवा कोरलचे तुकडे जाळीच्या पिशवीत ठेवा. घाई असेल तर खाण्याचा सोडा, 100 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, पाण्यात विरघळवून हळूहळू घाला. पण आधी अमोनिया मोजा. कारण पीएच 7 वरून 8 वर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर उलट त्रास: जड आणि कधी कधी खारट. मे-जूनमध्ये पाणीकपात लागली की सोसायट्या टँकर मागवतात, त्या दिवशी पाणी बदलायचं टाळा.

नवीन टाकीत मासे लगेच का मरतात?

कारण फिल्टर चालू असला तरी जिवंत झालेला नसतो. माशांच्या कल्ल्यांतून आणि शेणातून अमोनिया निघतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. या वस्तीला बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर एक-दोनच पिल्लं, खाणं अगदी थोडं, दर दोन दिवसांनी थोडं पाणी बदलायचं आणि थेंबांच्या किटने अमोनिया तपासायचा. कुणाच्या जुन्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आणि फिल्टर नळाखाली धुवू नका! क्लोरीनने सगळी वस्ती एका मिनिटात साफ. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्या.

कोई हा खादाड आणि घाण करणारा मासा आहे. टाकीबरोबर जो छोटा टॉप फिल्टर फुकट देतात, तो त्याला पुरत नाही. मी प्लास्टिकच्या ड्रममध्ये भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळ्या भरून फिल्टर केलाय. दिसायला गबाळा आहे, पण पाणी काचेसारखं. 40 वॉटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला 29 युनिट होतात. तळ्याचा पंप याच्या दोन-तीनपट धरा.

एप्रिल-मेमध्ये काय करायचं?

कोई 15 ते 25 अंशांत खूश. मुंबईत पाणी सहज तिशीला पोचतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: 20 अंशांना लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. आणि गरमीत माशाला तो लागतो जास्त. म्हणून उन्हाळ्यात हवा वाढवा, खाणं कमी करा.

इथे फ्लॅट आणि तळं यांत फरक पडतो. तळ्यावर हिरवी शेडनेट बांधली आणि पाणी वरून धबधब्यासारखं पडू दिलं की बरंचसं भागतं. फ्लॅटमधली टाकी मात्र बंद घरात, पंखे बंद करून ऑफिसला गेल्यावर तापत राहते. पाण्यावर छोटा पंखा मारला तर दोनेक अंश उतरतात, पण मुंबईच्या दमट हवेत तेवढंच. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या तरंगत सोडणं हा तात्पुरता उपाय, तोही एका वेळी एक. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घेतला तर बिल बघून तुम्हालाच गार वाटेल.

तळ्यात हिरवं पाणी असेल तर धोका दुपारी नसून पहाटे असतो. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री तोच खातं. मासे सूर्योदयाआधी वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर ते भुकेले नाहीत, गुदमरतायत. वाळकेश्वरच्या बाणगंगेत पितृपक्षानंतर मेलेल्या माशांच्या बातम्या येतात, त्यामागेही हेच: पाण्यात पडलेलं अन्न कुजतं आणि प्राणवायू संपवतं. तुमच्या टाकीत उरलेला चपातीचा तुकडा लहान प्रमाणात तेच करतो.

पावसाळ्यात तळं उघडं ठेवायचं?

ठेवायचं, पण सांडव्याची सोय करून. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. असा दिवस रोज येत नाही, पण साधा मुसळधार पाऊसही काठोकाठ भरलेलं तळं ओसंडून टाकतो आणि मासे गटारात जातात. काठ जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा म्हणजे अंगणातलं पाणी, तेल, खत आत येणार नाही. सांडव्याच्या पाइपाला जाळी बसवा आणि ती पानांनी तुंबत नाही ना हे बघत राहा. पावसाच्या पाण्यात क्षारता जवळपास नसतेच, तेव्हा वर सांगितलेली शिंपल्यांची पिशवी जून ते सप्टेंबर जास्त भरायची.

हिवाळ्यात हीटर लागतो का?

मुंबईत नाही. जपानात शरद ऋतूत मासे मातीच्या तळ्यांतून काढून छपराखाली नेतात, कारण तिथे कित्येक फूट बर्फ पडतो. दहा अंशांखाली खाणं बंद, गव्हाच्या अंकुराचं हलकं खाणं, असे जे सल्ले वाचायला मिळतात ते त्या हवेचे. आपली जानेवारी हा कोईचा खरा आनंदाचा महिना. तेव्हाच रंग सगळ्यात खुलतात.

बगळे, मांजरं?

वसईच्या तळ्यावर पहिल्या महिन्यात ढोकरीने चार पिल्लं उचलली. ती मातकट रंगाची, पायरीवर दगडासारखी बसून राहते, उडाली की पांढरी शुभ्र. खंड्याही येतो. रात्री रातबगळा. वरून बारीक जाळी ताणली आणि काठ सरळ उभे ठेवले की बरंच थांबतं, कारण बगळ्याला चालत पाण्यात उतरायला उथळ जागा लागते. मांजर पाण्याला घाबरतं पण काठावरून पंजा मारतं. घरातल्या टाकीला मात्र झाकण हवंच: नवा कोई पहिल्या आठवड्यात उडी मारतो आणि रात्री उडी मारलेला सकाळी सोफ्याखाली सापडतो.

तळ्यात डास होतील, पालिकेची नोटीस येईल?

मासे असलेल्या, हलत्या पाण्यात डासांच्या अळ्या टिकत नाहीत. लहान कोई त्या मिटक्या मारत खातात. शंका असेल तर थोडे गप्पी सोडा, पालिका डासांसाठी तेच वापरते. नोटीस येते ती शेजारच्या रिकाम्या बादल्या आणि कुंड्यांखालच्या थाळ्यांमुळे.

धोका उलट दिशेने आहे. डासांसाठी धुराची फवारणी होते त्यातलं आणि घरातल्या पेस्ट कंट्रोलमधलं पायरेथ्रॉइड औषध माणसाला फार काही करत नाही, पण माशांना जहर. दोन वर्षांपूर्वी झुरळांसाठी माणूस बोलावला होता. मी टाकीवर चादर घातली, कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि स्वतःवर खूश झाले. एअर पंप मात्र कपाटाखाली चालूच होता, आणि तो खोलीतली सगळी हवा नळीतून थेट पाण्यात ओतत होता. तासाभराने लहान मासा भोवऱ्यासारखा फिरत होता, मोठा एका कुशीवर, कल्ले ताणलेले. ड्रममधलं तयार पाणी घालून निम्मं बदललं, फिल्टरमध्ये विष शोषणारा सक्रिय कोळसा टाकला. तिघांतला एक वाचला. आता नियम असा: फवारणी असेल तर पंप खिडकीबाहेरून हवा घेणार, किंवा फवारणी दुसऱ्या दिवशी. घराला रंग काढतानाही हेच.

वीज गेली तर?

12 ऑक्टोबर 2020 ला सगळ्या मुंबईची वीज गेली तेव्हा मी टाकीतलं पाणी तांब्याने वर घेऊन उंचावरून परत ओतत बसले होते. हात दुखले, मासे वाचले. त्यानंतर बॅटरीवरचा एअर पंप घेतला. माशांनी भरलेल्या टाकीत दोन-तीन तासही जीवघेणे ठरतात. कमी मासे असलेल्या मोठ्या तळ्यात रात्रभरही निभतं.

टाकीतून रंग जास्त छान दिसत नाहीत का?

कोईची पैदासच वरून बघण्यासाठी झालीय. पाठीवरची नक्षी हा त्याचा चेहरा. काचेतून बाजूने बघितलं तर अर्धा मासा पांढराच दिसतो आणि तुम्ही कोहाकूचे पैसे देऊन पोट बघत बसता. बैठकीत काचेची टाकीच हवी असेल तर फॅन्सी गोल्डफिश घ्या, ते बाजूनेच सुंदर दिसतात. (ईशान्य दिशेला नऊ मासे ठेवायचे का, हेही विचारतात. दिशा कुठलीही ठेवा, दुपारचं ऊन थेट येऊ देऊ नका.)

नवीन मासा आणला, अंगावर पांढरे ठिपके आहेत.

म्हणूनच नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टबात, वेगळ्या जाळीने. कोईचा हर्पीस विषाणू असतो, त्यावर औषध नाही आणि तो साधारण 16 ते 28 अंशांत जोर करतो. म्हणजे आपले बरेच महिने. पांढऱ्या ठिपक्यांना खडे मीठ: लिटरला 3 ग्रॅम, तेही दोन-तीन दिवसांत विभागून. हे ठिपके करणारा परजीवी पाण्यात पोहत असतानाच मरतो, अंगाला चिकटलेला असताना नाही, त्यामुळे ठिपके दिसेनासे झाले तरी आठवडाभर मीठ ठेवा. फिल्टरमध्ये झिओलाइट (अमोनिया शोषणारे खडे) असेल तर आधी काढा, मीठ लागलं की ते साठवलेला अमोनिया परत सोडतं. अंगावर चपट्या, काचेसारख्या उवा दिसल्या तर त्या मिठाने जात नाहीत. चिमट्याने काढा आणि जाणकाराकडून औषध घ्या.

मासा मोठा झाला. पवई तलावात सोडू?

नको. पवईत नाही, विहारमध्ये नाही, देवळाच्या कुंडातही नाही. कार्प चिखल उकरून पाणी गढूळ करतो आणि स्थानिक माशांची जागा खातो, शिवाय तुमच्या टाकीतला रोग तिथे जातो. तळं असलेल्याला द्या. माझ्या टाकीतले चार असेच प्राणवायू भरलेल्या पिशवीत बसून पहाटेच्या लोकलने वसईला गेले.

गणपतीत दहा दिवस कोकणात जातो. मासे उपाशी मरतील?

नाही. धडधाकट, वीतभराचा कोई दहा दिवस उपाशी सहज राहतो. तळ्यातला तर शेवाळ खाऊन मजेत राहतो. मरतात ते शेजाऱ्यांच्या मायेने. आमच्या शेजारच्या आजींना मी पहिल्या वर्षी डबा देऊन गेले होते, "थोडंसं घाला" असं सांगून. परत आले तर पाणी ताकासारखं पांढरं आणि डबा रिकामा. आता कागदाच्या तीन पुड्या बांधून जाते, प्रत्येकीवर वार लिहिलेला, आणि डबा माझ्या बॅगेत घालून कोकणात नेते.